चिखलबागेतली ओलपरी

जिथे जमीन तांबडी असते, घरांची कौलं तांबडी असतात आणि पावसाळ्यात ओढ्याचं पाणीसुद्धा तांबडं होऊन धावतं, अशा तांबुळवाडी नावाच्या गावात एक मुलगी राहत होती. तिचं नाव सगुणा. सगळे तिला सगू म्हणत.

सगूच्या घरात माणसं दोनच, सगू आणि तिची आई. छपराला भोकं मात्र तीन. पाऊस आला की तीन भोकांखाली तीन डबे ठेवायचे. एका डब्यात टिप टिप वाजे, दुसऱ्यात टुप टुप वाजे, आणि तिसरा डबा स्वतःच गळका, म्हणून तो गप्पच राही. सकाळी पेज, संध्याकाळी पेज, आणि सणाच्या दिवशी पेजेबरोबर लोणच्याची एक फोड. सगूचा फ्रॉक एकच होता. तो धुतला की वाळेपर्यंत ती आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून चुलीपाशी बसून राही.

पण एक गोष्ट सगूपाशी भरपूर होती. प्रश्न!

“आई, बेडकाला सर्दी का होत नाही?”

“आई, मुंग्या रांगेत चालतात तर त्यांच्यात पहिली कोण, हे कोण ठरवतं?”

आई हसायची आणि चटई विणत राहायची. आई लव्हाळ्याच्या चटया विणायची. लव्हाळा म्हणजे ओल्या जागी उगवणारं उंच, हिरवंगार, सळसळतं गवत. आई ते कापायची, वाळवायची, आणि मग तिची बोटं अशी भराभर चालायची की जणू दहा चिमण्या दाणे टिपताहेत. पूर्वी गावात ओल्या जागा चिक्कार होत्या. एकेक करून त्या बुजल्या. आता लव्हाळा फक्त एकाच ठिकाणी उरला होता, गावबागेच्या मागच्या कोपऱ्यात.

हा कोपरा मोठा हट्टी होता. तिथे गुलाब लावले, कुजले. मोगरा लावला, कुजला. कोपरा आपला बाराही महिने ओलाच. शेवटी गावाचे सरपंच तात्या म्हणाले, “पुरे झाली ही कटकट. गौरी घरी येतील त्या दिवशी मी बघायला येईन. तोवर इथे बघण्यासारखं काही उगवलं तर ठीक, नाहीतर चार ट्रॉल्या खडी टाकून वर फरशी बसवू.”

त्या दिवशी आईची बोटं पहिल्यांदाच थांबली.

“लव्हाळा गेला तर चटया गेल्या गो,” आई म्हणाली. “मग मला तालुक्याला काजूच्या कारखान्यात जावं लागेल. तिथेच राहावं लागेल. तू मामीकडे राहा. मी येईन ना दिवाळीला.”

सगूने पुढे एकही प्रश्न विचारला नाही. इतकी ती घाबरली होती.

गावात तीन हौशी माळी होते. दर रविवारी सकाळी ते आपणहून बागेत येत, म्हणून लोक त्यांना ‘रविवारचे माळी’ म्हणत. पहिले भिकूआबा. त्यांच्या मिशा पांढऱ्या, गाई तीन, आणि त्यांचं शेणखत पंचक्रोशीत नावाजलेलं. दुसरे हमीदचाचा. ते पंप आणि पाइप दुरुस्त करायचे, आणि त्यांच्या खिशात नेहमी एक पाना आणि दोन लिमलेटच्या गोळ्या असायच्या. तिसऱ्या शालूकाकू. त्या पोस्टात टपालाची थैली सांभाळायच्या आणि सगळ्यांना दटावायच्या.

शालूकाकूच म्हणाल्या, “आपण या कोपऱ्याला कोरडं करायला बघतो म्हणून तो रुसतो. त्याला ओलंच राहू दे की! ज्यांना ओल आवडते अशीच झाडं लावू.”

“म्हणजे चिखलाची बाग?” हमीदचाचा म्हणाले.

“हो, चिखलबाग! त्यात हसण्यासारखं काय आहे, हमीदभाई?”

“हसतोय कुठे? बायको आता म्हणेल, कपडे तुम्हीच धुवा.”

वरच्या सड्यावर, म्हणजे गावाच्या डोक्यावरच्या सपाट कातळावर, एक चिऱ्याची खाण सुरू होणार होती. तिथली चिमुकली रानरोपं दगडांखाली चिरडली जाणार होती. रविवारचे माळी टोपल्या घेऊन वर गेले, आणि सगूही त्यांच्या मागे मागे गेली. त्यांनी ती रोपं मातीसकट अलगद उचलून आणली. पांढऱ्या बटणांसारखे गेंद आणले. जांभळ्या थेंबांसारखी फुलणारी सीतेची आसवं आणली. आणि दवबिंदू आणला! दवबिंदूचं रोप सगूच्या तळहाताएवढं. त्याच्या पानापानावर लाल केस, आणि प्रत्येक केसाच्या टोकावर एक चिकट, चकचकीत मणी.

रविवारच्या माळ्यांची एक रीत होती. नवं रोप लावताना कुणी रिकाम्या हाताने यायचं नाही. प्रत्येकाने आपल्या घरून एक टोपली खत आणायचं आणि आपल्या रोपाच्या मुळाशी घालायचं. भिकूआबांनी तीन टोपल्या आणल्या. शालूकाकूंनी पालापाचोळ्याचं काळंभोर खत आणलं. हमीदचाचांनी कोंबड्यांच्या खुराड्यातलं आणलं.

सगूकडे गाय नव्हती, कोंबडी नव्हती, परसही नव्हतं. तिने घरातला टिप टिप डबा आणला. त्यात छपरातून गळलेलं पावसाचं पाणी होतं. ते पाणी तिने आपल्या दवबिंदूला घातलं, तेही सगळ्यांची नजर चुकवून, कारण तिला लाज वाटत होती.

“सॉरी हं,” ती रोपाच्या कानात म्हणाली. “माझ्याकडे एवढंच आहे.”

दोन आठवडे गेले. आणि एक विपरीत गोष्ट घडू लागली. चिखलबागेतली रोपं एकामागून एक काळी पडू लागली. गेंद माना टाकू लागले. सीतेची आसवं दिसेनाशी झाली. भिकूआबांनी आणखी खत घातलं. रोपं आणखी काळी पडली. आबांनी आणखी घातलं.

“इतकं मायेनं घालतोय,” आबा मिशा ओढत म्हणाले, “तरी बाळं जेवत का नाहीत?”

फक्त एकच रोप टवटवीत होतं, अगदी कडेचं, सगूचं.

“काय गो, तू काय घालतेस याला?” शालूकाकूंनी विचारलं.

“काही नाही, काकू.”

“काही नाही कसं? लपवतेस होय गो!”

पावसाचं पाणी सोडलं तर सगू खरंच काही घालत नव्हती. तिलाच मोठं कोडं पडलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती टिप टिप डबा घेऊन एकटीच बागेत गेली, चिखलात गुडघे टेकून बसली, आणि आपल्या रोपाकडे इतकी वाकून बघू लागली की तिच्या नाकाला चिखल लागला.

दवबिंदूच्या एका पानावर काहीतरी फडफडत होतं.

“चिलट अडकलंय वाटतं,” सगू पुटपुटली.

“चिलट? चिलट कुणाला म्हणतेस?” पानावरून एक बारीक, रागीट आवाज आला.

सगू आणखी वाकली. पानावर एक परी चिकटली होती! उंची तांदळाच्या दाण्याएवढी, रंग ओल्या मातीसारखा तपकिरी, केस शेवाळासारखे हिरवे, आणि पंख चतुराच्या पंखांसारखे, ज्यांत निळा, गुलाबी, सोनेरी असे सगळे रंग पळापळी करत होते. पण एक पंख चिकट मण्यात पुरता फसला होता.

“बघत काय राहिलीस? सोडव!” परी म्हणाली. “आणि हसू नकोस. माझ्याच बागेत, माझ्याच झाडाला मी चिकटले, हे कुणाला कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही.”

सगूने गवताची एक काडी डब्यातल्या पाण्यात बुडवली. थेंब थेंब पाणी सोडत, श्वास रोखून, तिने तो इवलासा पंख हलकेच मोकळा केला. पंखाचं टोक जरासं फाटलं. सगूच्या डोळ्यांत पाणी आलं.

“दुखलं का?”

परीने फडफड थांबवली. तिने सगूकडे नीट पाहिलं.

“थोडंसं,” ती मऊ आवाजात म्हणाली. “मी ओलपरी. जिथे जमीन ओली असते तिथे मी असते. आणि आता मला तुझ्या तीन इच्छा पुऱ्या कराव्या लागणार. पण ऐकून घे, माझे नियम आहेत.”

“कोणते?” सगूचे डोळे चमकले.

“मी वस्तू देत नाही. फ्रॉक नाही, लाडू नाही, नवं छप्परही नाही. माझ्याकडे इच्छा मागायची ती प्रश्नातच मागायची. आणि उत्तर मी तोंडाने सांगत नाही, दाखवते.”

“आणि?”

“आणि सगळ्यात अवघड नियम. उत्तर मिळालं की सूर्य मावळायच्या आत ते ज्याच्या कामाचं आहे त्याला सांगायचं. नाही सांगितलंस तर उत्तर मिठासारखं विरघळून जाईल आणि उरलेले प्रश्नही जातील.”

“हे कुठे अवघड आहे?” सगू म्हणाली.

“कळेल,” ओलपरी म्हणाली.

सगूने मुळीच वेळ घालवला नाही. “सगळी रोपं काळी का पडतात आणि माझंच हिरवं का?”

ओलपरीने पंख झटकले. फुर्र! सगू लहान लहान होत गेली, मोहरीच्या दाण्याएवढी झाली आणि चिखलात शिरली. आत काळोख नव्हता, चहाच्या रंगाचा उजेड होता. वरून मुळं लोंबत होती, रेशमाच्या धाग्यांहून बारीक. त्यांच्याभोवती खताचे डोंगर रचले होते.

“पुरे, पुरे!” एक मूळ कण्हत होतं. “पोट फुटेल आता!”

“लग्नाची पंगत असावी आणि यजमानाने एकामागून एक जिलब्या वाढाव्यात, तसं चाललंय हे,” दुसरं म्हणालं. “अहो, आम्ही मुळांनी जेवतच नाही! आम्ही नुसतं पाणी पितो. कातळावर वाढलेली माणसं आम्ही. भूक लागलीच तर वर पान एखादं चिलट पकडतं, तेवढं बास!”

“आणि आम्ही तर मुळाशी इवलाले फुगे लावून पाण्यातले किडे धरतो,” सीतेच्या आसवाचं मूळ क्षीण आवाजात म्हणालं.

शेजारी सगूच्या दवबिंदूची मुळं मात्र मजेत डुलत होती. त्यांच्याभोवती डोंगर नव्हते. नुसतं पावसाचं गार, साधं पाणी होतं.

फुर्र! सगू पुन्हा मोठी झाली. ऊन कलायला लागलं होतं. आणि समोरून, डोक्यावर खताची टोपली घेऊन, भिकूआबा येत होते.

आता सगूला कळलं, नियम अवघड का होता. आबा बागेवर किती माया करायचे! तुमच्याच खताने रोपं मरतात, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? सूर्य ताडाच्या शेंड्याला टेकला. ती धावत गेली आणि आबांची वाट अडवून उभी राहिली.

“आबा, तुम्ही श्रावणी सोमवारी जेवता?”

“छे गो! निरंकार उपवास असतो माझा. पाण्यावर राहतो.”

“आणि त्या दिवशी कुणी मायेनं, आग्रहानं, तुमच्यापुढे भाताचा डोंगर वाढला तर?”

“तर काय! नको नको म्हणेन. बळेच भरवलं तर आजारी पडेन.”

“आबा,” सगू हळूच म्हणाली, “ही रोपं उपवासाची आहेत. त्यांचा रोजच सोमवार असतो.”

आबांनी टोपली खाली उतरवली. त्यांनी काळ्या रोपांकडे पाहिलं, मग सगूच्या हिरव्या रोपाकडे, मग टोपलीकडे. टोपली उचलून ते वळले आणि पाठमोरे चालू लागले. सगू तिथेच रडवेली होऊन उभी राहिली. सूर्य मावळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत जाताना बागेत डोकावली, तर भिकूआबा कोपरापर्यंत चिखलात! आपल्या हातांनी ते एकेका रोपाखालचं खत काढत होते, इतक्या हळुवारपणे की जणू झोपलेल्या बाळाखालचं दुपटं बदलताहेत.

“बघतेस काय, घमेलं धर,” आबा म्हणाले. “आणि काल मला राग आला होता म्हणून मी गेलो असं समजू नकोस. माझं तोंड मला लपवायचं होतं.”

ते खत मग आबांनी बागेतल्या गुलाबांना घातलं. गुलाब खूश झाले. पण चिखलबागेची गंमत अजून संपली नव्हती. मधेच पावसाने ओढ दिली. आठ दिवस कडकडीत ऊन पडलं, आणि जो कोपरा बारा महिने ओला असायचा तो चक्क तडकू लागला! लव्हाळ्याचे शेंडे पिवळे पडले. आई येऊन नुसती बघून गेली. घरी गेल्यावर तिने पत्र्याची ट्रंक उघडली आणि आपल्या दोन साड्या घड्या करून ठेवल्या.

सगू धापा टाकत बागेत आली. “ओलपरी, दुसरा प्रश्न! इथलं पाणी कुठे जातं?”

फुर्र! सगू पाण्याचा थेंब झाली. गोल, गार, गुळगुळीत. ती मातीतून झिरपली, खड्यांवरून घसरली, आणि अचानक धप्पकन एका लांबलचक काळ्या बोगद्यात पडली. घुर्रर्र! बोगद्यातून घसरगुंडी करत ती थेट रस्त्यापलीकडच्या ओढ्यात जाऊन पडली. बोगदा म्हणजे एक जुना लोखंडी पाइप होता, आणि त्याच्या तोंडावर कुणीतरी खिळ्याने दोन अक्षरं कोरली होती, ‘ह. मि.’.

सगू पुन्हा मुलगी झाली ती ओढ्यात उभी, ओलीचिंब. तशीच ती हमीदचाचांच्या दुकानात शिरली.

“चाचा, ‘ह. मि.’ म्हणजे कोण?”

“हमीद मिस्त्री! म्हणजे मी. तरणा होतो तेव्हा प्रत्येक पाइपवर सही करायचो. का गो?”

“बागेखाली तुमची सही आहे.”

हमीदचाचांच्या हातातला पाना खाली पडला. “अरे देवा! वीस वर्षांपूर्वी कोपरा सुकवायला मीच पाइप घातला होता. गाळाने बुजला असणार, म्हणून मी विसरलोही. आणि गेल्या महिन्यात ओढ्याकडून साफ कुणी केला? मीच! पाइप तुंबलेला दिसला की माझ्याने राहवत नाही.”

“मग आता?”

“आता जन्मात केलं नाही ते करतो,” हमीदचाचा उठले. “चांगला वाहता पाइप बंद करतो. कुणाला सांगू नकोस, धंदा बसेल.”

पाइपाला बूच बसलं. ओल परत आली. लव्हाळा हिरवा झाला आणि रोपांनी माना वर केल्या. शालूकाकू रोज पोस्टातून घरी जाताना थांबून रोपं मोजायच्या आणि म्हणायच्या, “पालवी आहे हो, पण फुलं कुठायत? फुलं?”

श्रावण संपला. भाद्रपद आला. गणपती आले. आणि गौरी यायच्या दिवसाची सकाळ उजाडली.

सगू पहाटेच्या केशरी उजेडात बागेत आली. समोर नुसता तपकिरी-हिरवा चिखल दिसत होता. दुपारी तात्या सरपंच येणार होते. रस्त्यावर खडीने भरलेली पहिली ट्रॉली येऊन उभीही राहिली होती.

एक प्रश्न शिल्लक होता. तो सगूने कधीचाच ठरवून ठेवला होता. ‘माझी आई जाऊ नये म्हणून मी काय करू?’ रोज झोपताना ती तो मनात घोळवायची.

ओलपरी दवबिंदूच्या पानाआड बसली होती. तिचा फाटका पंख वाळक्या पानासारखा झाला होता. तिचा तपकिरी रंग फिका पडला होता.

“विचार,” ओलपरी म्हणाली. “शेवटचा.”

सगूने तोंड उघडलं. आणि तिची नजर त्या पंखावर पडली. इतक्या दिवसांत आपण परीकडे एवढं मागितलं, पण तिला आपण काय दिलं? फाटका पंख! सगूच्या तोंडून आपोआप निघून गेलं,

“ओलपरी, तुला काय हवंय गो?”

ओलपरीचे डोळे मोठे मोठे झाले. “हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं,” ती पुटपुटली. “आणि हा तुझा शेवटचा प्रश्न होता, ठाऊक आहे ना?”

“हो,” सगू म्हणाली. आणि तिला आईची ट्रंक आठवली. पण शब्द परत घेता येत नव्हते, आणि खरं सांगायचं तर तिला ते घ्यायचेही नव्हते.

फुर्र! आता सगू ओलपरीच्या डोळ्यांनी बघत होती. वर पाहिलं तर पाय! नुसते पाय! अनवाणी पाय, चपला, बूट, बैलांचे खूर, सायकलीची चाकं. सगळे वरून वरून जात होते. पावसाळ्यामागून पावसाळे गेले आणि पायांमागून पाय गेले. एकही चेहरा नाही. आणि मग, खूप खूप काळाने, आभाळातून हळूहळू एक चेहरा खाली आला. गोल, सावळा, मोठ्या डोळ्यांचा, नाकाला चिखल लागलेला.

तो सगूचाच चेहरा होता.

“कळलं?” ओलपरीचा आवाज आला. “मला चेहरे हवेत.”

सगू भानावर आली. तिने चिखलबागेकडे पाहिलं, पण या वेळी उभ्याने नाही, गुडघे टेकून आणि नाक जमिनीला लावून. आणि तिने टाळी वाजवली! बाग फुलली होती! कालच फुलली असेल, कुणास ठाऊक! सीतेच्या आसवांची जांभळी फुलं, मुगाच्या दाण्याएवढी. गेंदांची पांढरी बटणं, साबुदाण्याएवढी. दवबिंदूची नाजूक गुलाबी फुलं, नखाच्या टोकाएवढी. आणि लाल केसांवर हजारो, हजारो चकचकीत मणी. उभ्याने बघितलं तर चिखल आणि वाकून बघितलं तर आकाशगंगा!

सगू घराकडे सुसाट पळाली.

दुपारी तात्या सरपंच आले. पांढराशुभ्र सदरा, पांढराशुभ्र लेंगा, आणि मागे अर्धा गाव. तिन्ही माळी एका रांगेत उभे होते, परीक्षेला बसल्यासारखे.

“कुठे आहे तुमची बाग?” तात्या म्हणाले. “मला तर चिखल दिसतोय. शालूताई, हे काय दाखवायला बोलावलंत?”

शालूकाकू नुसत्याच रोपांकडे बोट दाखवत राहिल्या. ट्रॅक्टरवाल्याने गाडी सुरू केली. घर्रर्र!

“तात्या,” गर्दीतून एक बारीक आवाज आला. “वाका.”

लोक हसले.

“काय गो?” तात्यांनी भुवया उंचावल्या. “सरपंचाला वाका म्हणतेस?”

सगू एक पाऊल मागे सरली. पण सूर्य मावळायच्या आत सांगायलाच हवं होतं. “उभ्याने दिसत नाही, तात्या. मलाही दिसली नव्हती. एकदाच वाका ना!”

“आणि माझा लेंगा?”

तेवढ्यात सगूची आई पुढे झाली. तिच्या काखेत एक चटई होती, याच कोपऱ्यातल्या लव्हाळ्याची, हिरवट सोनेरी. तिने ती चिखलावर पसरली आणि म्हणाली, “बसा तात्या. ओल वर येत नाही.”

तात्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग कुरकुरत, गुडघे वाजवत, ते चटईवर टेकले. वाकले. आणखी वाकले.

त्यांचं नाक जवळजवळ चिखलाला लागलं. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं.

“अगो,” तात्या हळूच म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम सात वर्षांच्या मुलासारखा झाला, “हे चकाकतंय ते काय? आणि हे चिलट का हलत नाही? हे झाड... हे झाड त्याला खातंय की काय?”

“हो!” सगू त्यांच्या शेजारी जाऊन बसली. “आणि ते मुळांनी जेवतच नाही!”

“असं कसं? मग ते...” तात्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही, नुसता हात हलवला. “ए, ती खडी शाळेच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत नेऊन टाक रे. इथे नको.”

मग भिकूआबा वाकले, हमीदचाचा वाकले, शालूकाकू चष्मा पुसून पुसून वाकल्या. ट्रॅक्टरवालाही उतरून आला. संध्याकाळी गौरीसाठी पाणवठ्यावरचा तेरडा घेऊन परतणाऱ्या बाया वाटेत थांबल्या आणि गुलाबी फुलांनी भरलेल्या ओंजळी सावरत, एकमेकींना ढोसत, त्याही वाकल्या. पण चटई एकच होती!

“अगो बाई, आम्हाला पण दे चटई!” “मला दोन हव्यात, सासूबाईंनाही आणायचंय!” “शाळेच्या पोरांना आणायचं तर वीस तरी लागतील!”

आईची बोटं पदराशी चाळा करू लागली, भराभर, जणू दहा चिमण्या दाणे टिपताहेत. ती सगूकडे बघून हसली.

“सगू,” ती म्हणाली, “घरी गेल्यावर आठवण कर गो, ट्रंकेतल्या साड्या बाहेर काढायच्यात.”

त्याच क्षणी ढगांच्या फटीतून मावळतीचं ऊन आलं. सोनेरी, तिरपं, लांबच लांब. ते चिखलबागेवर पडलं आणि मण्यामण्यात एकेक दिवा लागला. त्या दिव्यांच्या मधोमध ओलपरी उभी होती. तिच्याकडे चेहरेच चेहरे वाकले होते, म्हातारे, तरणे, चष्म्याचे, मिशांचे, नथींचे. कुणालाच ती दिसत नव्हती, पण सगळे तिच्याकडेच बघत होते. तिचा फाटका पंख चमचमत जुळत गेला. त्यात निळा पळाला, गुलाबी पळाला, सोनेरी पळाला.

“ओलपरी!” सगू कुजबुजली. “तू चाललीस?”

“जिथे ओल तिथे मी,” ओलपरी म्हणाली. “पण तुझे तीन प्रश्न संपले, सगू. आता यापुढे उत्तरं तुलाच शोधायला लागतील.”

“मला येईल शोधता?”

ओलपरी खुदकन हसली. “बघ, पुन्हा प्रश्न!”

आणि ती उजेड झाली. एक झोत नाही, हजार ठिणग्या. प्रत्येक मण्यात एक ठिणगी जाऊन बसली, आणि सूर्य बुडाला तरी क्षणभर सबंध बाग तेवत राहिली.

पुढच्या रविवारी माळी बागेत आले नाहीत. ते सगूच्या छपरावर चढले होते. तिन्ही भोकं बुजली. आईने वीस चटया विणल्या, मग आणखी वीस. सगूला नवा फ्रॉक मिळाला, तोही आठ दिवसांत गुडघ्यांवर मातकट झाला. पण ते तीन डबे तिने टाकले नाहीत. ते अंगणात पागोळ्यांखाली ठेवले, दवबिंदूसाठी. एक टिप टिप वाजतो, एक टुप टुप वाजतो, आणि तिसऱ्यातलं पाणी गळून जिथे जमीन सदा ओली असते, तिथे परवा एक इवलंसं लाल पान उगवलंय.

ते तिथे कुणी लावलं? सगू रोज वाकून बघते.